वणव्यानंतरचे रान आणि शिकारी

फाल्गुन लागला म्हणजे करवीरच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या सड्यांवर वाळलेल्या गवताला आग लागते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ती बहुधा लागत नाही, लावली जाते. कोणी गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून डोंगर पेटवितो, कोणाची बांधावरची आग वाऱ्याने हातची निसटते, कोणाच्या विडीचे थोटूक विझलेले नसते. आणि ज्यांच्याविषयी गावात उघड बोलले जात नाही असे काहीजण सावज उघड्यावर यावे एवढ्याच हेतूने काडी ओढतात.

या हेतूमागे निसर्गाचा एक साधा नियम आहे. वणव्यात जुने, राठ, निःसत्त्व गवत जळते, परंतु बहुवार्षिक गवताची मुळे मातीखाली शाबूत राहतात. राखेतील क्षार जमिनीत मिसळतात, आणि जेथे ओलावा टिकून असेल तेथे पावसापूर्वी, इतरत्र वळवाच्या सरींनंतर, जे लुसलुशीत कोंब फुटतात ते प्रथिनांनी समृद्ध व पचनास हलके असतात. गवा, सांबर, भेकर यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. ती जनावरे काळ्या पडलेल्या उतारावर चरावयास येतात, आणि आडोसा जळून गेलेला असल्याने दुरूनही दृष्टीस पडतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतराजीत हाच नियम शिकारीच्या शास्त्राचा भाग झाला आहे. तेथील एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा आकाराने मोठा असा दूरचा भाऊबंद, जळित रानात नवे गवत माजले की कळपाने येतो; म्हणून तेथील शिकारी कोणते रान कोणत्या वर्षी जळाले याचे नकाशे पाहून आपला मुक्काम ठरवितात. अर्थात आग लागताच सुकाळ होतो असे नव्हे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1988 साली जो महाभयंकर वणवा भडकला त्याने उद्यानाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापला, आणि अवर्षण, आग व कडक हिवाळा या तिहींच्या माऱ्याने त्या थंडीत कित्येक एल्क उपाशी मेले. चराईचा लाभ झाला तो मागाहून. खुद्द उद्यानात शिकारीस मज्जाव आहे. बाहेरच्या मुलखात हंगाम ठरलेला, परवाने मोजके. शिवाय तेथील लॉजपोल पाइनची पुष्कळ फळे राळेने घट्ट मिटलेली असतात, ती आगीच्या धगीनेच उमलून बी सांडतात. त्या अरण्याने वणव्याशी युगानुयुगांचा तह केलेला आहे.

आमच्या सह्याद्रीतील दाजीपूरच्या रानाने तसा तह केलेला नाही. तेथील सदाहरित राई पावसाच्या व सावलीच्या आधारावर जगते. अंजनी, पिसा, जांभूळ यांची रोपटी आगीत टिकाव धरीत नाहीत. सड्यावरील आग दरवर्षी राईच्या कडेला थोडी थोडी कुरतडत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागी रानमोडी माजते, जिला गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणजे ज्या कोंबांच्या लोभाने सांबर आज बाहेर येते, त्यांच्या पायी त्याचा दिवसाचा आसरा उद्या नाहीसा होतो.

या रानाचा इतिहासही शिकारीचाच आहे. दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानच्या महाराजांचे राखीव शिकारीचे रान होते.  सामान्य रयतेला ज्या रानात बंदी, ते रान त्या बंदीमुळेच पुष्कळसे टिकले, हे लोकशाहीच्या अभिमान्यांना कितीही अप्रिय वाटले तरी मान्य करणे भाग आहे. पुढे 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, 1985 मध्ये राधानगरीपर्यंत विस्तारले, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. दरम्यान 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार तर बंद केलीच, पण अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने तेथे आग लावणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरविला.

परंतु बंदूकवाला मांसासह सापडू शकतो. काडीवाल्याच्या मागे राहते ती राख, आणि गुराख्याची राख व शिकाऱ्याची राख दफ्तरी वेगळी ओळखता येत नाही. शिवाय जळलेल्या डोंगरावर गावची गुरेही चरतात, तेव्हा साक्ष देण्यास पुढे कोण येणार? म्हणून वनखात्याचा खरा भरवसा आहे तो जाळरेषांवर: उन्हाळा तापण्यापूर्वी रानाच्या कडेने ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून, देखरेखीखाली जाळून ठेवावयाचे, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला खावयास काही उरत नाही. तरीही ती पट्टा ओलांडून आली, तर पाण्याचा बंब न पोचणाऱ्या त्या कड्यांवर वनरक्षक आणि रोजंदारीचे मजूर हिरव्या फांद्यांनी झोडपूनच तिला विझवितात.