९९९९ इन १

कॅसेट पिवळी होती. वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि शेजारी एका कराटेवाल्याचं चित्र. हा कराटेवाला आत कुठेही नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि धाकट्या भावाने तो आकडा खरा मानला आणि मेनूची यादी खाली खाली नेत बसलो. यादीने तिशी ओलांडल्यावर पुन्हा मारिओ आला. नाव वेगळं, पण गेम तोच, फक्त तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारा. चारशेच्या आसपास आईने येऊन टीव्ही बंद केला. जास्त वेळ गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते, यावर तेव्हा घरोघरच्या आयांचं एकमत होतं.

आता व्हिडिओ गेमचं हे जुनं यंत्र हौसेने शोधणारे पुष्कळ भेटतात आणि विचारतात, यातलं काय खेळावं? माझी यादी सहा नावांत संपते. पण आधी यंत्राची ओळख करून घ्यायला हवी, कारण ती सहा नावं त्याच्याच पोटातून निघतात.

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कम्प्यूटर’ विकायला काढला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देणारा आणि काम करायला मेमरी अवघी २ केबी, म्हणजे या लेखाचं एखादं पानही त्यात मावणार नाही. १९८५मध्ये हेच यंत्र करड्या खोक्यात, एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं. दोन्ही रूपं मिळून जगभरात सहा कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली.

आपल्याकडे नव्वदीत घरोघर आलं ते बहुतेक याचं नक्कल केलेलं भावंड. आमचं बिघडलं तेव्हा स्क्रू काढून पाहिलं. खोकं जवळजवळ रिकामं! एक छोटी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिप एकाच चिपमध्ये कोंबून वरून तो ठिपका ओतलेला असायचा. अशा कित्येक नकलांमध्ये आवाजाची एक जोडणी उलटसुलट झालेली असते. त्यामुळे लहानपणी त्यांच्यावर वाढलेल्या माणसाने पुढे मूळ यंत्रावर मारिओ लावला, तर ओळखीची धून थोडी परकी वाटते.

मारिओ, रोड फायटर, टँकचा गेम, मोटरसायकलचा गेम ही नावं सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंत त्या वयाच्या कुणालाही सांगा, डोळे चमकतात. पण याच यंत्रावर जगभर गाजलेला झेल्डा त्यातल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. याला आपली आवडनिवड कारणीभूत नाही. या यंत्राला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी ३२ केबी आणि चित्रं ८ केबी एवढीच दिसतात. १९८४-८५च्या सुमाराचे बरेचसे गेम या ४० केबीत बसलेले आहेत. पुढचे गेम मोठे झाले, तेव्हा कॅसेटमध्येच पानं उलटणारी जादा चिप घालावी लागली. ‘इतके इन १’वाल्यांना परवडणारे होते ते लहान गेम: एका चिपमध्ये चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीने बसवले की झालं. आपल्या पिढीचं अभिजात भांडार ठरलं ते असं, किलोबाइटच्या हिशेबाने. पण जागेच्या टंचाईतून तावून निघालेल्या त्या गेममध्ये फापटपसारा उरलाच नव्हता, हे आपलं नशीब.

सुरुवात बॅटल सिटीने करा. नामको कंपनीचा १९८५चा हा गेम आपल्याकडे नुसता ‘टँक’ म्हणून ओळखला जाई. खाली विटांच्या कुंपणात गरुड, वरून एकामागून एक उतरणारे वीस टँक. फावडं मिळालं की विटांचं कुंपण काही वेळ पोलादी होतं, घड्याळ मिळालं की शत्रू जागच्या जागी थिजतो. खरी मजा दोघांनी खेळण्यात आहे. तुमची गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ नुसता लुकलुकत उभा राहतो. तेवढ्यात गरुड जातो आणि चूक कुणाची यावरून जेवणापर्यंत भांडण चालतं. गरुड आपल्याच गोळीनेही फुटतो, आणि बहुतेक वेळा तसाच फुटतो.

दहाच मिनिटं असतील तर रोड फायटर. कोनामीच्या या गेममध्ये पेट्रोल सतत उतरत असतं. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की आपली गाडी घसरू लागते, पण त्याच क्षणी रिमोट बरोबर दाबला तर सावरते. ते सावरणं जमलं की गेम आला.

एक्साइटबाइकमध्ये टर्बो दाबून ठेवला की इंजिन तापतं आणि गडी बाइकसह कडेला जाऊन बसतो. उडी मारल्यावर चाकं कशी टेकवायची, यावर सगळा वेग अवलंबून. यात स्वतःचा ट्रॅक बांधायचीही सोय आहे. आम्ही दोघांनी एक दुपार घालवून ट्रॅक बांधला आणि ‘सेव्ह’ निवडलं. काहीच उरलं नाही. फार वर्षांनी कळलं की ते ‘सेव्ह’ जपानमध्ये वेगळ्या विकल्या जाणाऱ्या टेपरेकॉर्डरसाठी होतं.

डक हंटसाठी मात्र जुना, मागे कुबड असलेला टीव्हीच हवा. पडद्यावर रोखायच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट ती प्रकाश आत घेते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला तर बदक पडलं. आताच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून तिथे नेम कितीही चांगला असला तरी गेममधला कुत्रा आपल्याला हसणारच. आणि एकाच बदकाच्या खेळात रिमोट हाती घेतलेल्या दुसऱ्याला ते बदक उडवता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मारिओची शिफारस करायची म्हणजे वडापाव चांगला लागतो असं सांगण्यासारखं. तरी एकदा पहिली स्टेज सावकाश खेळून पाहा. शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० केबीत काय काटकसर केली आहे! वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र आहे. एक पांढरा, एक हिरवा. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

सहावा कॉन्ट्रा. हा १२८ केबीचा, म्हणून त्याची बहुधा वेगळी कॅसेट मिळायची आणि ती ज्याच्याकडे असेल त्याचा गल्लीत रुबाब असायचा. ‘एस’ अक्षराची बंदूक मिळाली की पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. ती मिळेपर्यंत तीन लाइफ संपतात. त्यावरचा उतारा म्हणजे वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस लाइफ! हा मंत्र मुळात कॉन्ट्राचा नाहीच. काझुहिसा हाशिमोतो ग्रॅडियस हा गेम या यंत्रासाठी तयार करत होते आणि तपासताना तो त्यांनाच झेपेना, म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी हा चोरदरवाजा ठेवला. १९८६मध्ये गेम त्यासकट बाजारात गेला. पुढे तोच मंत्र कॉन्ट्रात आला आणि तिथून शाळेच्या बाकांवरून आमच्यापर्यंत.

सहा संपले की मग झेल्डा लावा. त्याच्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी असते आणि यंत्र बंद केलं तरी खेळ तिथेच राहतो. लोडशेडिंगच्या काळात लाइट गेली की आम्ही आठव्या स्टेजवरून थेट पहिल्या स्टेजवर येत होतो, तेव्हा ही बॅटरी कुठे होती कोण जाणे.

एक गोष्ट राहिली. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती, आणि आमच्या नकलेने तेवढी नक्कल मात्र चोख केली होती. तो रिमोट कायम धाकट्याकडे. गेम निवडायचा मी, थांबवायचा मी, पाणी प्यायला उठायचं तेव्हा पॉजही मीच दाबायचा. तो तहानलेला असला तरी टँक चालवत राही. या दिवाळीला तो घरी आला की टँकच लावणार आहोत. पहिला रिमोट त्याच्याकडे.