गाडीला नवी रिम बसवताना : आतल्या ब्रेकला जागा आहे का?

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल आज टुरिस्ट गाडीवर पेटते. कोणी कर्ज काढून डिझायर घेतो, कोणी दुसऱ्याची गाडी चालवतो, कोणी गॅरेजात पाना हाती धरतो. हप्ते थोडे हलके झाले की गाडीला अलॉय रिम बसवावी अशी हौस तरुणांना होते. त्या हौसेला आमचा विरोध नाही. पण रिम घेताना तिची चमक आणि किंमत पाहिली जाते. आत ब्रेकला जागा उरते का, हे बहुधा पाहिले जात नाही. ते कसे पाहावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

पुढच्या चाकाच्या आत डिस्क असते. तिला चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले की तो ब्रेक पॅड डिस्कवर आवळतो आणि गाडी थांबते. चाक फिरते, कॅलिपर मात्र चाकाबरोबर फिरत नाही. म्हणून दोघांमध्ये फट हवीच. कंपनीच्या रिममध्ये ती राखलेली असते. बाजारातून आणलेल्या रिममध्ये ती आपणच तपासायची असते.

दुकानदार सांगतो, ‘‘चार बोल्टची, शंभरची आहे. बसेल.’’ स्विफ्ट किंवा डिझायरचे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, हे खरे. पण त्याने फक्त बोल्ट जुळले. पायात शिरली म्हणून चप्पल मापाची होत नाही, तसेच हे आहे.

फट दोन ठिकाणी पाहावी लागते. पहिली, कॅलिपरची वरची बाजू आणि रिमचा आतला घेर यांच्यामध्ये. ही कमी पडली तर रिम बदलण्यावाचून इलाज नाही. दुसरी, कॅलिपरची बाहेरची बाजू आणि स्पोकची मागची बाजू यांच्यामध्ये. ही रिमच्या ऑफसेटवर आणि स्पोकच्या वळणावर ठरते. रिमवर ‘ईटी ४५’ असे कोरलेले असते. त्या जागी ‘ईटी ४०’ घेतली तर चाक ५ मिलिमीटर बाहेर येते आणि फट वाढते. पण फार बाहेर आलेले चाक मडगार्डला घासते आणि बेअरिंगवरही ताण आणते. शिवाय ऑफसेटचा आकडा एक असूनही दोन रिमच्या स्पोकचे वळण निराळे असू शकते. आकड्यावर विसंबू नये, चाक चढवूनच पाहावे.

तपासणी सोपी आहे. टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर लावून सर्व नट आवळावेत. त्याआधी कॅलिपरच्या दोन्ही बाजूंना घट्ट कणकेच्या गोळ्या चिकटवून त्यांना वरून तेलाचे बोट लावावे. मग रिम हाताने पूर्ण फेरा फिरवावी आणि काढून घ्यावी. दबलेल्या कणकेची जी जाडी उरते, तीच तुमची फट. ती किमान ३ मिलिमीटर असावी. वळणावर भार पडला की चाक किंचित लवते, तेव्हा कागदाएवढी फट पुरत नाही. बॅलन्सिंगच्या वेळी रिमच्या आत वजनाच्या पट्ट्या चिकटवतात. त्या कॅलिपरला लागत नाहीत ना, हेही नंतर पाहावे.

एक गोष्ट कारागिरांच्याही नजरेतून सुटते. अशा गाड्यांचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. पॅड झिजत जातील तसा तो आत, गाडीकडे सरकतो. नवे पॅड टाकले की तो काही मिलिमीटर पुन्हा बाहेर येतो. म्हणजे जुन्या पॅडवर नीट फिरणारे चाक नवे पॅड टाकल्यावर घासू लागते. म्हणून तपासणी नव्या पॅडवरच करावी.

जागा कमी पडली की कोणी कॅलिपरच ग्राइंडरने घासतो, कोणी बोल्टमध्ये वॉशर घालून चाक बाहेर ढकलतो. हे दोन्ही कधीही करू देऊ नका. कॅलिपरला ब्रेक ऑइलचा प्रचंड दाब सोसायचा असतो. घासल्याने तो कमकुवत होतो. वॉशरवर टेकलेली रिम हबला सपाट बसत नाही, नट सैल होतात आणि धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. स्पेसर घालायचाच तर हबवर नेमका बसणारा, अखंड चकतीचा घ्यावा. शिवाय नट पुरेसे आटे धरतो का, ते मोजावे. १२ मिलिमीटर जाडीच्या, १.२५ च्या आट्याच्या बोल्टवर नट निदान १० फेरे फिरला पाहिजे.

रिमचे मधले भोकही पाहावे. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातील पुष्कळ रिमचे भोक मोठे असते; तेथे मापाची रिंग बसवावी लागते. रिमवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे. जुने नट फेकू नका. लोखंडी स्टेपनीला तेच लागतील. चाके बसवून ५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्यावेत.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला एकच सांगावे, ‘‘आधी एक रिम टायरशिवाय लावून दाखवा.’’ तो नाही म्हणाला तर दुसरे दुकान गाठावे. गाडीत प्रवासी बसतात, सुटीच्या दिवशी आपलीच मुलेबाळे बसतात. कणकेच्या दोन गोळ्या आणि अर्धा तास एवढाच या तपासणीचा खर्च आहे. तो टाळू नये.