दोन वेळचं दूध आणि एआयचा कोड

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे सहकारी साखर कारखान्यांच्या आधाराने महाविद्यालयं उभी राहिली. तिथून शिकलेली शेतकऱ्यांची कितीतरी मुलं आज हिंजवडीत कोड लिहितात. आता यंत्रही कोड लिहू लागलं आहे. कोड सुचवणारं गिटहब कोपायलट हे साधन २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. प्रोग्रॅमरांच्या २०२५ च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्वेक्षणात ८४ टक्के जणांनी अशी साधनं वापरतो किंवा वापरणार आहोत असं सांगितलं. उत्तरांच्या अचूकतेवर भरवसा नाही, असं म्हणणारेही ४६ टक्के निघाले.

हा अविश्वास रास्त आहे. एआय मॉडेल अफाट कोडवर शिकलेलं असतं आणि पुढे काय येण्याची शक्यता जास्त, त्यानुसार ओळी रचत जातं. समजा, गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब ठेवायचा आहे. सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर असा सगळा कोड काही सेकंदांत मिळतो, चालतोही. पण नोंदीची ओळख फक्त सभासद क्रमांक आणि तारखेवर ठरवली असेल, तर संध्याकाळचं माप टाकताच सकाळचं पुसलं जातं. एरर येत नाही. दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो तेव्हा निम्मं दूध गायब! डेअरीवर दोन्ही वेळा किटली घेऊन गेलेल्या मुलाच्या हे चटकन लक्षात येईल.

वेगाचा हिशेबही सरळ नाही. एका प्रयोगात छोटा, नवा प्रोग्रॅम लिहिताना कोपायलटवाल्यांचं काम जवळपास ५६ टक्के कमी वेळात झालं. उलट, २०२५ मध्ये मीटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच जुन्या, मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, तेव्हा एआय वापरून १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं असं वाटत होतं!

मला काळजी वाटते ती फ्रेशर्सची. किरकोळ बग काढणं, टेस्ट लिहिणं ही त्यांची पहिली शाळा. नेमकी हीच कामं यंत्राकडे चालली आहेत. म्हणून महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक परीक्षेत चालणारा प्रोग्रॅम पाहून गुण देणं थांबवावं. एआयने लिहिलेला कोड हाती द्यावा, तो कुठे फसेल ते मुलांना शोधायला लावावं आणि तोंडी परीक्षेत एकेका ओळीचा जाब विचारावा.