ठाणबंद अश्वांतील पादशोथ : निदान व चिकित्साविचार

अश्वचिकित्सा हे आपल्या शास्त्राचे जुने, परंतु आज वैद्यवर्गाकडून जवळजवळ विस्मृत झालेले अंग होय. शालिहोत्रांची परंपरा, जयदत्तसूरींचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘अश्वशास्त्र’ यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. मात्र एखादा घोडेमालक दारी येऊन “वैद्यबुवा, घोड्याचे पाय सुजलेत, काही काढा द्या” असे म्हणतो, तेव्हा मनुष्याच्या शोथाधिकारातील योग त्याच्या हाती ठेवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाकडूनही एकदा असे घडले आहे. ती हकीकत पुढे येईल.

प्रथम शरीररचना पाहू. अश्वाच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात मोठ्या सांध्याखाली मांस असे नाहीच. नळीचे हाड, कंडरा, स्नायुबंध आणि त्वचा एवढेच. आपल्या पोटऱ्या रक्त वर ढकलण्यास साहाय्य करतात, तशी सोय तेथे नाही. तिचे काम खूर करतो. पाऊल टेकले की खुरातील मऊ गादी व सिराजाल दाबले जाते आणि रक्त ऊर्ध्वगामी होते. रसवाहिन्यांतील द्रवाची गतीही हालचालीवरच अवलंबून असते. घोडा उभ्याने विश्रांती घेऊ शकतो व दिवसरात्रीतील बहुतेक वेळ उभाच असतो. त्यामुळे मनुष्याची पायांवरची सूज झोपेने सकाळी उतरते, तर तबेल्यातील घोड्याची सूज सकाळी सर्वाधिक दिसते.

चरकाचार्यांनी कफज शोथाची जी लक्षणे सांगितली आहेत, म्हणजे गुरू, स्थिर, दाबल्यावर लवकर वर न येणारा व रात्री बळावणारा, त्यांच्याशी हे चित्र चांगलेच जुळते. हेतूही जुळतो. प्रमेहाच्या हेतूंत आलेले आस्यासुख येथे बळजबरीने लादलेले असते, इतकाच भेद. माथेरानसारख्या ठिकाणी पावसाळ्यात वर्दळ ओसरते आणि एरवी चढउतार करणारे घोडे दिवसचे दिवस ठाणावर उभे राहतात. सारंगखेड्याच्या यात्रेत विक्रीस आणलेल्या घोड्यांचीही स्थिती फारशी वेगळी नसते. तेथे तर अंगावर तकाकी यावी म्हणून चंदीही सढळ हाताने दिली जाते.

हा साधा शोथ बहुधा दोन्ही मागच्या पायांना, क्वचित चारही पायांना, सारखाच येतो. तो थंड व वेदनारहित असतो, बोटाने दाबल्यास खळगा पडतो, घोडा लंगडत नाही व चारा नेहमीसारखा खातो. खरी कसोटी मात्र पुढची आहे. अशा घोड्यास अर्धा तास शांतपणे चालवावे. सूज डोळ्यांदेखत उतरू लागते. न उतरल्यास आपले निदान चुकले असे समजावे.

आता ती हकीकत. पावसाळा संपता संपता एका टट्टूचे मागचे पाय सुजले. मालक जुना परिचित. घोडा काम नसल्याने उभा आहे, हे ऐकताच मी कफज शोथ ठरवून पुनर्नवा व गोक्षुर दिले. तापमान पाहिले नाही, पापणी उलटून पाहिली नाही. दोन आठवड्यांनी पोटाखालीही सूज आली, घोडा खात असून वाळू लागला, मागच्या अंगाने डुलू लागला. पशुवैद्यकांनी रक्त तपासले तेव्हा सर्रा निघाला. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरणारा हा रोग रक्तातील परजीवीमुळे होतो. ज्वर येतो-जातो, म्हणून एकदाच हात लावून तो कळत नाही. क्विनापायरामाइन देऊन घोडा वाचला. पण गेलेले दोन आठवडे माझ्या खाती आहेत.

तेव्हापासून मी काढ्याआधी तापमान मागतो. स्वस्थ प्रौढ घोड्याचे ते सुमारे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. एकच पाय अचानक सुजून तो उष्ण व स्पर्शासह्य झाला असेल, तर जखमेतून शिरलेला संसर्ग किंवा कंडरेची इजा संभवते. पिछाडीचा दोर काचून झालेली बारीक जखम केसांत सहज लपते. सर्वांगशोथात हृदय, यकृत, वृक्क व कृमी यांचा विचार हवा. मागच्या पायाच्या आतील बाजूस रसवाहिन्यांच्या रेषेवर गाठी येऊन त्या फुटत असतील, तर ग्लँडर्सची शंका घेऊन घोडा वेगळा करावा, व्रणास उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुसंवर्धन खात्यास तत्काळ कळवावे. हा रोग मनुष्यासही होतो. २००६ साली महाराष्ट्रातील घोड्यांत तो आढळला होता. तेव्हा ही केवळ ग्रंथातली भीती नव्हे.

साध्या शोथाची चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, अर्थात चालविणे. दिवसातून दोन-तीन वेळा १५ ते २० मिनिटे हाताने चालवावे. शक्य असल्यास मोकळ्या आवारात सोडावे, हे त्याहून उत्तम. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी, चारा मात्र तोडू नये. पूर्ण चंदीवर उभा ठेवलेला घोडा दुसऱ्या दिवशी एकदम कामास जुंपला, तर मांसपेशी ताठरून मूत्र गडद होण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो. थंड पाण्याची धार १०-१५ मिनिटे धरण्यास हरकत नाही. परंतु नंतर पाय कोरडा करावा, कारण पावसाळ्यात ओल्या टाचेची त्वचा भेगाळते व तेथूनच संसर्ग शिरतो. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड थर द्यावा आणि ताण सर्वत्र सारखा ठेवावा. असमान पट्टी कंडरेस इजा करते. शिवाय पट्टी सोडली की सूज परत येते. तो आधार आहे, उपचार नव्हे.

मनुष्याचे शोधन येथे लागू करण्याचा मोह टाळावा. कफाचे प्रधान शोधन वमन. पण घोड्यास वांती होतच नाही. तीव्र विरेचनाने आतड्यांचा घातक दाह व त्यामागोमाग खुरांचा दाह होण्याचे भय असते. मूत्रल द्रव्यांनी पाणी व क्षार जातात, पायांतील अवरोधाचे मूळ तसेच राहते. मोहरी व शेवगा असलेला दोषघ्न लेप अश्वाच्या पातळ त्वचेवर फोड आणू शकतो. तो लावून वर पट्टी बांधणे तर नकोच. नाळ्याने बळेच पाजलेला काढा फुप्फुसात गेल्यास न्युमोनिया होतो.

शर्यतीच्या घोड्यांबाबत आणखी एक दक्षता. कुचला, धत्तूर किंवा अहिफेन असलेला कोणताही कल्प त्यांना देऊ नये, कारण त्यांतील द्रव्ये उत्तेजक चाचणीत सापडतात. निरुपद्रवी वाटणारे चूर्णही त्या घोड्याच्या नियुक्त पशुवैद्यकास दाखविल्याशिवाय तबेल्यात पाठवू नये.