घर जळाल्यानंतर मृगापर्यंत

पालघर तालुक्याच्या पूर्वेस, सूर्या नदीच्या खोऱ्यातील पाड्यांवर अद्यापही पुष्कळ घरे कुडाची आहेत. लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती व शेण यांचे लिंपण, वर कौले किंवा गवत आणि छपराखाली पेंढ्याने भरलेला माळा अशी त्यांची रचना असते. वैशाख लागेपर्यंत हे सर्व साहित्य सहा महिने वाळलेले असते. चुलीतील एक ठिणगी, विजेच्या जुन्या तारेतील दोष किंवा शेजारच्या खाचरात भाजत असलेल्या राबावरून वाऱ्याने उडालेली पेटती काडी, एवढे कारण पुरते. बोईसर येथे औद्योगिक वसाहतीचे अग्निशामक दल आहे, तथापि बैलगाडीच्या वाटेने बंब पाड्यावर पोहोचेपर्यंत बहुधा खांब तेवढे उरतात.

आग लागू नये म्हणून घ्यावयाच्या काळजीबद्दल पुष्कळ सांगितले जाते. आग विझल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून कुटुंबाने काय करावे, याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वस्तुतः आगीने एका दुपारी जेवढे नुकसान होते, त्याहून मोठे नुकसान पुढील चार-पाच आठवड्यांत होऊ शकते. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते आणि ते कोणासाठी थांबत नाही. त्या वर्षीची भातलावणी हुकली, तर घराबरोबर वर्षही गेले असे समजावे.

अशा एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. म्हातारी आई, कर्ता मुलगा व सून, दोन शाळकरी मुले आणि तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामास जाणारा धाकटा भाऊ. दीड एकर भातजमीन, त्यातील काही सातबाऱ्यावरची व काही वनपट्ट्याची. एक बैलजोडी, एक गाय, चार शेळ्या. मे महिन्याच्या आरंभी, भर दुपारी घर पेटते. माणसे वाचतात. एक बैल भाजतो, दोन शेळ्या मरतात. कणगीतील भात, माळ्यावरील पेंढा, कपडे, भांडी आणि पत्र्याच्या पेटीतील कागदपत्रे जातात.

संध्याकाळी अंगणात माणसे जमतात आणि पहिली चर्चा होते ती दोष कोणाचा याची. चुलीपाशी सून होती, म्हणून बोट तिच्याकडे वळते. आधीच हवालदिल झालेल्या घरात हे बोलणे विस्तवासारखेच पसरते. ग्रामसेवकाने येथे शांतपणे मध्ये पडावे. कारण शोधणे आवश्यक आहे, परंतु ते कागदावर लिहिण्यासाठी, भांडणासाठी नव्हे. आग विजेमुळे लागल्याचा संशय असेल तर महावितरणला आणि त्यांच्यामार्फत विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते. गॅसच्या सिलिंडरमुळे लागली असेल तर वितरकाला लेखी कळवावे. अशा अपघातांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरविलेला असतो.

भाजलेल्या माणसाच्या अंगावर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरावे, बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ ओल्या फडक्याने जागा झाकावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेल, शाई, राख, पीठ यांपैकी काहीही लावू नये. अंगाला चिकटलेला कपडा ओढून काढू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील माणसे राख उपसण्यास निघतात. हा हात काही काळ थांबवावा. पंचनामा होण्यापूर्वी जागा साफ केली, तर दाखवावयास काहीच उरत नाही. तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच दिवशी खबर द्यावी. त्याच्या येण्यास उशीर होत असेल तर चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. मेलेली शेळीही पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याखेरीज पुरू नये.

पंचनाम्यात कोणता शब्द लिहिला जातो, याला फार महत्त्व आहे. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतील आपत्ती आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या निकषांनुसार पूर्णतः नष्ट झालेल्या घरास, मग ते पक्के असो वा कच्चे, सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये व डोंगराळ प्रदेशात १,३०,००० रुपये साहाय्य ठरले. त्याच निकषांत झोपडीसाठी मात्र ८,००० रुपये आहेत. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिक इत्यादींचा तात्पुरता निवारा. आता कुडाचे, गवताने शाकारलेले, पण खांबांवर उभे असलेले आणि दोन पिढ्या नांदलेले घर जळून राख झाल्यावर ते पाहणाऱ्याच्या दृष्टीस झोपडीच भासते! घाईने लिहिलेल्या त्या एका शब्दाने कुटुंबाचे लाखाहून अधिक रुपयांचे नुकसान होऊ शकते. म्हणून खांबांची संख्या, त्यांचे बुंधे, जोत्याची लांबी-रुंदी, भिंतीचे व माळ्याचे वर्णन हे सर्व पंचनाम्यात यावे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील घराची नोंद व घरपट्टीची पावती त्यास जोडावी. घर कधीच नोंदविले गेले नसेल तर अडचण येते. ज्यांची घरे आज सुस्थितीत आहेत त्यांनी हे वाचून आपली नोंद तपासून घेणे बरे.

कपड्यांसाठी व भांड्यांसाठी त्याच निकषांत प्रत्येकी २,५०० रुपये, घराला जोडलेल्या गोठ्यास ३,००० रुपये, मेलेल्या शेळीस ४,००० रुपये, बैलास ३२,००० रुपये व दुभत्या गाईस ३७,५०० रुपये असे दर आहेत. बैल भाजून जिवंत असेल आणि पंधरा दिवसांनी मेला, तर त्याचा संबंध आगीशी जोडता यावा म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्या जखमांची नोंद करून घ्यावी.

कागदपत्रांविषयी लोक फार घाबरतात. ‘सातबारा जळाला, म्हणजे जमीन गेली’ असे म्हातारी आई म्हणते आणि रडू लागते. तसे होत नाही. सातबारा व आठ-अ डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा मिळतात, आधारपत्र पुन्हा छापून मिळते, शिधापत्रिकेची दुय्यम प्रत तहसील कार्यालयातून घेता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याची नोंद उपविभागीय अधिकारी व जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयांत असते. तो हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे असतो, वारसांकडे जातो, परंतु विकता येत नाही. कागद जळाल्याचा फायदा घेऊन कोणी पट्ट्याची जमीन ‘लिहून घेण्याची’ गोष्ट काढली, तर तो व्यवहार कायद्याला मान्य नाही, हे कुटुंबास स्पष्ट सांगावे. पेटीत नोटा असतील आणि त्या काळ्या पडून एकमेकींस चिकटल्या असतील, तर त्या झटकू नयेत, सोडवू नयेत. जशाच्या तशा डब्यात ठेवाव्यात. पार कोळसा झालेल्या नोटा साध्या बँकेत घेत नाहीत, परंतु रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील कार्यालयात त्यांची तपासणी होऊ शकते.

आता बियाण्याकडे वळू. कणगी जळाली म्हणजे आतील सर्व धान्य गेले असे नसते. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत बाहेरचे धान्य कोळसा होते, त्याच्या आतील थर पिवळा-तांबूस होतो आणि मधला गाभा अगदी चांगला दिसतो. तो दिसतो चांगला. उगवेल की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. बियाण्याचे भात यंत्राने सुकवितानाही हवेची उष्णता ४३ अंशांवर जाऊ देत नाहीत, कारण त्यापुढे आतील अंकुर मरण्याचा धोका असतो. आगीत तर याहून कितीतरी अधिक उष्णता असते. असे भात कुटुंबाने विश्वासाने पेरले आणि ते उगवले नाही, तर ही गोष्ट जूनच्या अखेरीस लक्षात येते. तेव्हा दुसरे बी मिळत नाही आणि वेळही उरत नाही.

म्हणून गाभ्यातील धान्य थराथराने वेगळे काढावे. प्रत्येक थरातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी शिंपडावे. आठव्या दिवशी मोड मोजावेत. ८० किंवा अधिक दाणे उगवले तर ते बी निर्धास्तपणे वापरावे. प्रमाणित भात बियाण्याची किमान मर्यादाही तीच आहे. साठ-सत्तर उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवून पेरावे. निम्म्याहून कमी उगवले तर ते बी म्हणून ठेवूच नये. धुराचा वास लागलेले धान्य कोंबड्यांस घालता येईल, मात्र ज्यावर रॉकेल किंवा कीटकनाशक सांडले असेल ते कोणालाच घालू नये. हे काम शाळकरी मुलांकडे सोपवावे. घर जळालेल्या मुलांना मोजण्यासारखे काही काम असणे चांगले असते.

लावणीसाठी हेक्टरी साधारण ४० ते ५० किलो बी लागते, म्हणजे या कुटुंबाची गरज तीस किलोच्या आत आहे. एवढ्यासाठी दिढीने भात घेण्याची, म्हणजे आज एक मण घेऊन सुगीत दीड मण फेडण्याची, काहीच गरज नाही. पंचनाम्याची प्रत घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे व पंचायत समितीकडे मे महिन्यातच मागणी करावी. कर्जत येथील संशोधन केंद्राच्या जाती या भागातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. भावकीतून बी मिळाल्यास उत्तम, परंतु तेही शंभर दाण्यांची परीक्षा करूनच घ्यावे. पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे.

जळालेल्या घराची राख खत म्हणून रोपवाटिकेत टाकण्याचा मोह होतो, कारण चुलीची राख शेतकरी नेहमी टाकतात. ही राख तशी नसते. तीत खिळे, काचा, तारा आणि वितळलेले प्लास्टिक असते. ती खाचरापासून व विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावी.

भाजलेल्या बैलाच्या अंगावरही थंड पाणीच घालावे, चिखल लिंपू नये. धूर छातीत गेलेले जनावर दोन-तीन दिवसांनी खोकू लागते, म्हणून जखम लहान दिसली तरी डॉक्टरास दाखवावे. विझवताना भिजलेला पेंढा आतून धुमसत राहतो आणि पुन्हा पेट घेतो. तो पसरून टाकावा, बुरशी लागल्यावर जनावरांपुढे टाकू नये. नवे गवत उगवेपर्यंत दोन महिन्यांचा चारा विकत किंवा उसना घ्यावा लागतो. या तालुक्यात गवताचा व्यापार असल्याने तो मिळणे अशक्य नाही.

या सर्वांस रोख पैसा लागतो, आणि साहाय्य मंजूर होण्यास वेळ लागतो. मधल्या या काळातच उचल देणारा माणूस पाड्यावर येतो. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा. परंतु त्याची उचल पावसाळ्यातच घेतली जाते आणि मग संपूर्ण कुटुंब मुलांसह भट्टीवर जाते. याच भागात एकेकाळी लग्नापुरत्या कर्जासाठी जन्मभर राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने त्या प्रथेवर घाव घातला आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली. तरीही अडचणीत घेतलेली मोठी उचल मुलांची शाळा बुडवते, हे ग्रामसेवकाने विसरू नये. धाकट्या भावाचा कारखान्यातील पगार, बचत गटाचे लहान कर्ज व रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी, यांवर दोन महिने निघत असतील तर तसे काढावेत.

जूनच्या आरंभी भट्टीवरून, कामावरून परतलेले शेजारी एकत्र येऊन इर्जिकीने तात्पुरता निवारा उभा करतात. राब भाजण्याचे दिवस हुकलेले असतात, पण त्यावाचून अडत नाही. बी चोवीस तास भिजवून, पाणी निथळून गोणीत दाबून ठेवावे. दीड-एक दिवसात पांढरे मोड दिसू लागतात. हे मोड आलेले बी चिखल केलेल्या सपाट वाफ्यात फोकावे. यालाच रहू म्हणतात. तीन-साडेतीन आठवड्यांत रोप लावणीस येते. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून चिखलणी करावी आणि त्याच्या शेतावर तितकेच दिवस फेडावेत.

नवीन घराची घाई पावसाळ्यात करू नये. कारवी पावसाळा सरल्यावरच तोडतात. तोवर कोठे काय ठेवावयाचे, याचा विचार कुटुंबाने करावा. बी चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची पद्धत अडाणीपणाची नाही; धुराने त्याला किडा लागत नाही व ओल धरत नाही. परंतु पेंढ्याची उडवी घरापासून निदान पन्नास फूट दूर असावी, चुलीमागचा कूड दोन्ही बाजूंनी जाड लिंपावा, गुरांचे दावे ओढताच सुटेल अशा गाठीने बांधावे आणि निम्मे बी नेहमी भावकीतील दुसऱ्या घरी ठेवावे. दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, नव्या पेंढ्याचे तुकडे मातीत कालवून त्या कुडाचे पहिले लिंपण होते.