मोबाइलवरचा खेळ : छंद की आजार?

"पोरगं सारखं मोबाइलवर खेळतं, काही औषध द्या," असे पालक सांगतात. औषधाआधी हा खेळ समजून घ्यायला हवा.

'पब्जी'सारख्या खेळात मुले चौघांचा संघ करून, एकमेकांशी बोलत खेळतात. त्यांची भाषा वेगळी, मानपान वेगळे. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत अशा काही खेळांना पदकेही होती. मुलांचा हा कट्टाच आहे. मोबाइल हिसकावला की मुलाचे सोबतीही तुटतात.

मग आजार कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामे व आवडी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. त्यामुळे अभ्यास, घर, नातीगोती बिघडली आणि हे साधारण १२ महिने टिकले, तरच तसे निदान होते. नुसते तास मोजून होत नाही. त्रास तीव्र असेल तर मात्र वर्षभर थांबू नये.

पालकांनी एकदा शेजारी बसून खेळ पाहावा. डाव अर्धवट सोडला तर संघाचे नुकसान होते, म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणण्यापेक्षा "हा डाव संपला की बंद" असे आधीच ठरवावे. रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी नसावा. झोप, जेवण, शाळा यांची घडी विस्कटत असेल, तर संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.