पापडचा पहिला तास

माझ्या नोकरीला यंदा एकवीस वर्षे झाली. एवढ्या काळात शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गापुढे उभे राहताना माझा घसा कधी कोरडा पडल्याचे मला आठवत नाही. पण गेल्या आषाढातल्या एका शनिवारी रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही; आणि कारण इतके क्षुल्लक होते की, शेजारी झोपलेल्या सौ.ला ते सांगण्याचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पेणला कुत्र्याच्या पिल्लांची शिकवणी होती आणि त्या वर्गाला मला जायचे होते.

'पिल्लाला जायचे होते,' असे आपण म्हणाल. मीही तोपर्यंत तसेच समजत होतो.

हे पिल्लू आमच्या घरी आले ते मे महिन्यात. आमची कन्या नागोठण्याच्या एस.टी. स्टँडवर उतरली ती एकटी नव्हती. तिच्या ओढणीत दीड महिन्याचे, तांबूस रंगाचे, शुद्ध गावठी कुळातले काहीतरी वळवळत होते. नाव ठेवण्याचा प्रश्न आला तेव्हा घरात मराठीचा प्राध्यापक असल्याने मी 'सारमेय' हे नाव सुचवले. सरमा ही देवांची कुत्री, तिचा मुलगा तो सारमेय. महाभारताच्या आदिपर्वात तो जनमेजयाच्या यज्ञमंडपात शिरतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. तेव्हा सरमा जाब विचारायला येते : माझ्या लेकराने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेसुद्धा नाही, मग मारलेत का? त्या राजपुत्रांपैकी एकालाही उत्तर देता येत नाही. मग ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढी मोठी कथा पाठीशी असलेले नाव; पण कन्या म्हणाली, "बाबा, तुमची हाक पुरी होईपर्यंत तो स्टेशनावर पोचलेला असेल!" त्याचे कान तळलेल्या पापडासारखे कडेला मुडपलेले होते, म्हणून नाव पडले पापड. पेण-रोह्याच्या मुलखात हे नाव शोभते, हेही मान्य केले पाहिजे.

न दिसणाऱ्या भयाची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकतो. मी चौथीत असताना एका कुत्र्याने माझी पोटरी फोडली होती. त्या काळी सरकारी दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस कसौलीला डेव्हिड सेंपल या डॉक्टरांनी १९११ मध्ये बसवली होती. आपल्याकडे ती २००४ अखेर बंद झाली, आणि आता दंडात चार-पाच टोचण्यांवर भागते. पण माझे पोट अजून जुन्याच लसीच्या काळात आहे. समोरून कुत्रे आले की मी रस्ता बदलतो आणि बरोबर कोणी असेल तर पलीकडच्या दुकानात काम असल्याचे सोंग करतो. हे आजवर घरात कोणाला ठाऊक नव्हते. पापडला मात्र चार दिवसांत ठाऊक झाले. तो धावत आला की मी पाय वर घेई, आणि मी पाय वर घेतला की तो त्या पायाला दात लावी. सौ.च्या किंवा मुलीच्या पायांना त्याने कधी दात लावला नाही.

तेवढ्यावर निभावले असते. पण जूनच्या अखेरीस आई तुळशीला पाणी घालायला गेली असता त्याने तिच्या लुगड्याचा काठ धरून ओढला आणि ती पडली. मनगट मुरगळण्यावर गेले, हाड वाचले. "उंबऱ्याला अडखळले गं मी," असे आई सांगत राहिली; परंतु सौ.ने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारा प्रकार पाहिला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हाडांशी खेळ करता येत नाही. मुरूडकडे आमच्या एका स्नेह्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. पापडला तिकडे पाठवावे असे ठरत आले. कन्या वाद घालील अशी माझी अपेक्षा होती. ती काही बोलली नाही. ताटावरून उठून गेली, एवढेच. शेवटी दिवाळीपर्यंत मुदत द्यायचे ठरले.

शिकवणीची सूचना गुरांच्या डॉक्टरांची. त्यांनी लस टोचता टोचता मला एक लहानसे व्याख्यानच दिले. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी पिल्लांवर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे की, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन उघडे असते. त्या दिवसांत जे पाहिले, हुंगले, ऐकले, ते जन्मभर आपले वाटते. पुढे प्रत्येक नवी वस्तू आधी शत्रू ठरते. पूर्वी साऱ्या लसी होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नये असे सांगत. आता पहिली लस होऊन आठवडा लोटला की सात-आठ आठवड्यांचे पिल्लूही वर्गाला न्यावे, असे वर्तनाचा अभ्यास करणारे अमेरिकेतले पशुवैद्य सांगतात. पापडला पंधरावा आठवडा लागला होता. म्हणजे प्रवेशाची तारीख उलटून गेली होती आणि आम्ही विलंबशुल्क भरून अर्ज करीत होतो!

पेणला पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर रविवारी असा वर्ग घेतात, असे कळले. फोनवर त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या : पट्टा आणा, पिल्लाला उपाशी आणा, वेळेवर या.

दिवा-रोहा गाडीची गर्दी पापडला झेपणार नाही म्हणून आम्ही आमची लहानशी मोटार काढली. चाळीसेक किलोमीटरची वाट. पण पाऊस मुसळधार होता आणि महामार्गाचे खड्डे पाण्याने भरून सपाट दिसत होते. भिसे खिंडीच्या वळणांवर पापड दोनदा ओकला. दुसऱ्या खेपेस तो कन्येच्या मांडीवर ओकला, आणि त्यानंतर ज्या नजरेने त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले ती नजर मी ओळखली. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेला जाताना माझी अशीच होती. नागोठणे मागे पडले. वडखळ नाक्याला वाहने तुंबलेली. घड्याळात पावणेनऊ झाले होते. मी म्हणालो, "आज राहू दे. याची तब्येत बरी नाही. पुढच्या रविवारी येऊ."

कन्या म्हणाली, "बाबा, ओकून झालंय त्याचं. आता तो मजेत आहे. घाम तुम्हांला आलाय."

खरोखरच आला होता. मला भीती तरी कसली वाटत होती? एक तर कुत्र्यांची, हे उघड आहे. एका छपराखाली आठ-दहा कुत्री! पण त्याहून मोठी भीती निराळीच होती. तिथे कोणीतरी ओळखीचा निघेल. विलायती कुळांच्या ऐटबाज पिल्लांमध्ये आमचे स्टँडवरचे बाळ कोणाच्या तरी पायावर पाणी सोडील. मी 'बस' म्हणेन, तो बसणार नाही. मी पुन्हा म्हणेन, तो पुन्हा बसणार नाही, आणि सगळे पाहत राहतील. एकवीस वर्षे मी फळ्याच्या अलीकडे उभा आहे. पलीकडच्या बाकावर बसले असता पोटात काय होते ते मी पार विसरून गेलो होतो.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. भाताच्या एका बंद गिरणीची शेड, पुढे लोखंडी फाटक. आत वर्ग सुरू झालेला. गोलात माणसे, प्रत्येकापुढे एक पिल्लू, मधोमध पांढऱ्या मिशांचे हवालदारसाहेब. शेजारीच गणपतीचा कारखाना. पेणच्या मूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले आहे. पण त्या क्षणी ताडपत्रीखाली ओळीने मांडलेले ते दीडशे-दोनशे पांढरे, बिनरंगाचे गणपती पाहून माझ्या मनात एकच विचार आला : पट्टा सुटला तर काय होईल!

मी फाटकापाशी थबकलो, आणि मला एकदम एक मुलगा आठवला.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रथम वर्षाला सुधागडच्या बाजूच्या एका कातकरी वाडीवरून एक मुलगा आला होता. दोन दिवस तो मागच्या बाकावर बसला. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटे उशिरा दाराशी आला. उशिरा येणाऱ्याने तासाला बसू नये, हा माझा नियम सर्वांना ठाऊक होता, त्यालाही असावा. कारण त्याने आत येऊ का, असे विचारलेच नाही. ओली चप्पल हातात धरून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी त्याला पाहिले आणि शिकवणे चालू ठेवले. थोड्या वेळाने पाहतो तो दारात कोणी नव्हते. पुढे तो कधी आला नाही. मीही चौकशी केली नाही. शिस्तीचा माणूस म्हणून माझा लौकिक आहे.

"अहो, या ना आत!" हवालदारसाहेब ओरडले. "भिजताय कशाला? वडखळला अडकला असाल. जागा करा रे त्यांना."

गोल थोडा रुंदावला. डावीकडे एक लॅब्रॅडॉर, उजवीकडे एका छोट्या मुलीजवळ पॉमेरेनियन. आणि पलीकडे, देवाची कृपा, आमच्यासारखीच दोन गावठी. त्यांतले एक आईच्या, म्हणजे मालकिणीच्या, पदराखाली दडले होते. पापडने शेपूट पोटाशी घेतली. मी पट्टा आखडला. हवालदारसाहेब जवळ आले, त्यांनी पापडकडे पाहिलेच नाही. माझ्या मुठीकडे पाहिले.

"सर, पट्टा सैल सोडा. तुमची भीती त्या दोरीतून खाली उतरतेय."

मला हे बोलणे अलंकारिक वाटले. परतताना कन्येने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले, ते असे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये छत्तीस माणसांना अवघड हिशेब करायला लावून, आधीचा आणि नंतरचा त्यांचा घाम-श्वास चार कुत्र्यांना हुंगायला दिला. शंभरातून जवळजवळ चौऱ्याण्णव वेळा कुत्र्यांनी भेदरलेल्या माणसाचा वास बिनचूक निवडला. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाने त्याआधी, २०१९ मध्ये, अठ्ठावन्न कुत्री आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले. मालकीण ज्या काळात ताणाखाली, त्याच काळात कुत्रेही ताणाखाली, असे केसांतल्या द्रव्यावरून दिसले. तेव्हा चार दिवसांत पापडला माझे गुपित कळले यात नवल नव्हते. मी पाय वर घेत होतो तो काहीतरी भयंकर येत आहे म्हणून, असे त्या बिचाऱ्याला वाटत असेल!

मी खिशातून बिस्किट काढले. साहेबांनी मान हलवली. "हे घरी रोज मिळतं. इथं इतकी कुत्री असताना बिस्किटाकडे कोण बघतोय?" आणि त्यांनी डब्यातून पाण्यात भिजवून खारटपणा काढलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वास असा की शेजारचा लॅब्रॅडॉरही आमचा विद्यार्थी व्हायला तयार झाला. तुकडा नाकापाशी धरायचा, मग हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेले की बूड आपोआप खाली टेकते. टेकले की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. शब्द नंतर. आधी कृती, मग तिचे नाव. व्याकरण शिकवताना मी नेमके उलटे करतो.

पहिल्या खेपेस पापड बसला नाही. दुसऱ्या खेपेस त्याने उडी मारली आणि त्याचे दात माझ्या बोटांना लागले. मी हात झटकला आणि तुकडा लॅब्रॅडॉरने खाल्ला. कोणीतरी हसले. मग मला दिसले की सगळ्यांचेच तसे चालले आहे. पॉमेरेनियनवाली मुलगी तर रडकुंडीला आली होती.

विश्रांतीत साहेबांनी जंजीरची गोष्ट सांगितली. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातल्या या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आर.डी.एक्स. आणि २४९ हातबॉम्ब हुडकून दिले. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला फुले वाहून निरोप दिला. त्याचे शिक्षण पुण्यात झाले होते. "स्फोटकाचा वास आला तर कुत्रा काय करतो, ठाऊक आहे?" साहेबांनी विचारले. मी म्हणालो, भुंकत असेल. "भुंकला, उकरलं, तर सगळेच जाऊ. तो गप बसतो. नुसता बसतो. आज आपण शिकतोय ना, तेच."

त्यानंतरच्या खेपेस मी गुडघे टेकून चिखलात बसलो. पट्टा बोटांत सैल होता. तुकडा पापडच्या नाकावरून मागे नेला. त्याने वर पाहिले, आणि बसला. माझ्या तळहातावरून त्याने बोंबील उचलला तो केवळ जिभेने. दात लागले नाहीत. माझा हात थरथरत होता, पण जागचा हलला नाही. कन्येने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी डोळ्यांनीच तिला दटावले, कारण त्या आवाजाने पापड पुन्हा उठून उभा राहिला होता.

परतीच्या वाटेवर तो भिसे खिंडीतही झोपून होता. संध्याकाळी आईच्या पायांशी जाऊन त्याने काठ धरलाच. सहा रविवारांचा अभ्यासक्रम एका दिवसात आटोपत नाही. आईने मात्र बांधलेला हात सांभाळत मला विचारले, "मास्तर रागावले का रे?"

रात्री मी कपाटातून हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या. त्या मुलाचे नाव सापडले. दोन दिवस हजर, मग पानाच्या कडेपर्यंत गैरहजेरीची एक सरळ रेघ, माझ्याच हाताची. पत्त्याच्या रकान्यात फक्त वाडीचे नाव होते. ते मी कागदावर उतरून घेतले.

पुढच्या रविवारी आम्ही पेणला साडेआठलाच पोचलो. फाटकाला कुलूप होते. पाऊस थांबला होता, आणि कारखान्यातला एक पोरगा बाहेर येऊन ताडपत्रीवर साचलेले पाणी काठीने वर ढकलून खाली सोडत होता. ते धो-धो पडले तेव्हा आम्ही दोघेही दचकलो.